हौसावहिनींची वाटी

दुपारचं जेवण होऊन पंख्याखाली आडवं झालं की लायकर सरांना लगेच झोप येत नाही. आधी पंख्याचा आवाज बदलतो. एरवी तो नुसता घरघरतो; डोळे जड व्हायला लागले की त्याच घरघरीत खटका येतो, खटाक-खटक, खटाक-खटक, आणि सरांना कळतं, आपण उंबऱ्यापाशी आलो. जन्म इचलकरंजीत गेलेल्या माणसाला झोपेच्या दारात यंत्रमागच ऐकू येणार, सनई थोडीच वाजणार?

आज मात्र ते उंबऱ्यापाशीच घुटमळतायत. आत जावं, तर उठल्यावर एक नको ते काम करायचंय. न जावं, तर पापण्या ऐकत नाहीत.

गोष्ट अशी आहे. आज पाच वाजता रेडिओवर सरांची मुलाखत आहे, तीही थेट प्रक्षेपणातली. तेजस्विनी मगदूम नावाची एक हुशार मुलगी तो कार्यक्रम करते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिला सरांचा जुना प्रबंध सापडला, तिनं तो चक्क वाचला आणि वर फोन करून म्हणाली, "सर, हे लोकांना सांगायलाच पाहिजे. येताना कागद आणायचा नाही हं. नुसत्या गप्पा मारायच्या."

नुसत्या गप्पा! पुराच्या दिवसांत पंचगंगा पोहून या म्हणाली असती तर सर इतके दचकले नसते. आयुष्यभर त्यांनी कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं, पण वर्गात नजर कायम छताकडे. 'लायकर सर पंख्याला शिकवतात, आपण मध्ये बसायचं,' असं पोरं म्हणायची आणि ते सरांना ठाऊक होतं.

प्रबंधाचा विषय तसा घरगुती. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात. शेजारी आमटी दिली, खीर दिली, की भांडं जातं. कधी परत येतं, कधी तिकडंच राहतं. असं वर्षानुवर्षं चाललं की प्रत्येक घराच्या मांडणीत दुसऱ्यांच्या नावाची भांडी साठतात. तरुणपणी सरांनी विणकरांच्या एका गल्लीतल्या सगळ्या मांडण्या वाचून काढल्या. लोक पोथ्या वाचतात, यांनी भांडी वाचली. कुणाचं नाव कुणाच्या घरात सापडतं, यावरून गल्लीतल्या नात्यांचा नकाशा काढला. पण तो काढला इंग्रजीत, तक्ते घालून, आणि एक परीक्षक नि एक टंकलेखक सोडला तर तेजस्विनीपर्यंत तो कुणी वाचला नाही.

तेव्हा सरांनी ठरवलंय. मोबाइलवर निरोप टाइप करून ठेवलाय: 'घसा बसल्यामुळे आज येणे शक्य नाही. क्षमस्व.' जरा पडून उठायचं आणि धाडून द्यायचा. उशाशी तिपाईवर एक वाटी आहे. "सर, एखादं नाव घातलेलं भांडं आणा, दिसणार नाही पण वाजेल तरी," असं तेजस्विनी म्हणाली होती, म्हणून सकाळी उत्साहाच्या भरात काढून ठेवलेली. जुनी, जाड, स्टीलची. काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं: सौ. हौसाबाई ग. लायकर. सरांच्या थोरल्या भावाची बायको. जाऊन कितीतरी वर्षं झाली. वाटी रिकामी आहे, आणि तिच्या पोटात पंखा बारीक होऊन फिरतोय.

खटाक-खटक.

"काय वो भावजी. मेलेली मी, आणि मढ्यागत पडलाय तुम्ही?"

पायथ्याशी हौसावहिनी बसल्यात. मांडीवर सूप, सुपात मेथी. मेथी निवडताना देठ मोडल्याचा टक्‌ टक्‌ आवाज येतोय. सरांना नवल वाटत नाही. वाटते ती एवढीच काळजी, की अंगात नुसता बनियन आहे.

"वहिनी, मी जरा शर्ट..."

"असू दे. नाक पुसता येत नव्हतं तवापासनं बघितलंय तुम्हाला." वहिनी मोबाइल उचलतात, लांब धरतात, डोळे बारीक करून एकेक अक्षर लावतात. "घसा... बसल्या... मुळं." मान वर करतात. "बसला म्हणं! उभा कधी होता?"

सर हसतात. हसता हसता त्यांना आठवतं, वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा ते शाळकरी होते आणि नवी नवरी बोलेल या भीतीनं आठवडाभर मागच्या दारानं ये-जा करत होते. शेवटी वहिनीच मागच्या दारात पाट टाकून बसल्या आणि म्हणाल्या, आता कुठनं जाता बघू.

"उठा," वहिनी म्हणतात.

"कुठं?"

"मांडण्या बघायला. आणि कुठं हिंडलाय तुम्ही जन्मात?"

सर उठतात. खोलीचं दार उघडतात तर बाहेर हॉल नाही. नळाचं कोंडाळं आहे, त्याच्याभोवती घागरी, आणि दोन्ही बाजूंना गल्ली. घराघरांतून मागांचा खटखटाट येतोय, पण दबका, कुणीतरी वरून गोधडी घातल्यासारखा. ऊन आहे, सावल्या मात्र कुणाच्याच नाहीत. वहिनी पुढे, सर मागे. तेव्हाही असंच होतं. परक्या बाईच्या स्वयंपाकघरात परका पुरुष शिरणार कसा? वहिनी नसत्या तर प्रबंध उंबऱ्याबाहेरच संपला असता.

पहिल्याच दारात त्या हाळी देतात, "अगं ए सखू! आमच्या भावजींना तुझी मांडणी बघायचीय. वय झालंय बायको बघायचं, आणि हे भांडी बघत सुटल्यात."

आतून बायका खिदळतात. सरांचे कान तापतात. वयाच्या ऐंशीच्या घरातही तेच कान, तसेच तापतात.

एका स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून दुसरं स्वयंपाकघर लागतं, त्यातून तिसरं. चूल, स्टोव्ह, गॅस, परत चूल. सर मांडणीपुढे वाकतात, डोळे आपोआप काठाखाली जातात. नाव, नाव, नाव. गेलेल्या माणसांची, घर सोडून गेलेल्यांची, नवऱ्याशी भांडून माहेरी गेलेल्या एकीचं. सगळी नावं घासून घासून पुसट झालेली, तरी बोट फिरवलं की ठिपके लागतात. हे सगळं आपल्याला येतं, असं त्यांना वाटतं. येतं आपल्याला हे. पण लगेच मनातलं दुसरं कोणीतरी म्हणतं, येतं तर खरं, पण सांगणार कसं? आणि सांगितलं तर ऐकणार कोण? लोक म्हणतील, सरकारच्या पैशानं म्हाताऱ्यानं भांडी मोजली.

"चला की. थबकलाय काय?"

पुढचं दार ढकलतात तर आत गारवा. स्वयंपाकघरच आहे, पण एका भिंतीला मोठी काच, आणि काचेपलीकडे तेजस्विनी कानाला हेडफोन लावून बसलीय. दारावर लाल दिवा. मधोमध टेबल, त्यावर माईक, आणि माईकशेजारी दळणाचा डबा. उरलेल्या भिंतींवर ताटं, वाट्या, परातीच पराती, सगळ्या तोंडं आत करून लावलेल्या, एखाद्या वर्गातली पोरं बघतात तशा. फक्त ही पोरं बघत नाहीत. ऐकतायत.

"वहिनी, हे नको," सर म्हणतात.

वहिनी मुलाखतकाराच्या खुर्चीत जाऊन बसल्यासुद्धा. पदर खोचतात, हेडफोन अंबाड्यावरून चढवतात. काचेपलीकडून तेजस्विनी हात खाली करते. लाल दिवा लागतो.

"नमस्कार मंडळी," वहिनी माईकला म्हणतात, अगदी कोंडाळ्यावर बोलावं तशा. "जेवणं झाली का? आज आपल्याकडं आल्यात आमचे धाकटे भावजी. लई शिकलेत. शिकून काय केलं ते त्यांनाच इचारूया. बोला भावजी. काय केलंत?"

सर घसा खाकरतात. नजर छताकडे जाते. तिथं पंखा नाही. एक भलंमोठं पातेलं आहे, त्यात त्यांचाच चेहरा. "प्रस्तुत संशोधनात," ते म्हणतात, "शेजारसमूहातील वस्तुविनिमयाच्या अनौपचारिक..."

लाल दिवा विझतो. भिंतीवरची ताटं एकापाठोपाठ एक उलटी होतात, पाठ करून. खण्ण, खण्ण, खण्ण.

"गेली मंडळी," वहिनी म्हणतात. "परत या."

सर परत येतात. "गल्लीतील परस्परसंबंधांचे..."

खण्ण. एक परात राहिली होती, तीही उलटते.

"भावजी, तुम्ही कुणाशी बोलताय?"

"श्रोत्यांशी."

"कुठं हायत? मला तरी पाठी दिसतायत." वहिनी पुढे झुकतात. "हे बघा. तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात पयल्यांदा आला, तवा काय म्हणाला होता? आठवतंय?"

सरांना आठवतं. ते हळूच म्हणतात, "म्हणालो होतो, वहिनी, आपल्या घरात ही पार्वती ढवळे कोण राहते?"

दिवा लुकलुकतो. कोपऱ्यातली एक छोटी वाटी सुलटी होते.

"कारण," सर त्या वाटीकडे बघत म्हणतात, "तुमच्या मांडणीत पार्वती ढवळेंचा डाव होता. मी म्हटलं, बाई राहत नाही, पण तिचा डाव रोज आपल्याला आमटी वाढतो. हे आहे तरी काय? मला बघायचं होतं, की एका गल्लीत कोण कुणाच्या हातानं जेवतंय."

दिवा लागतो. आणखी चार-पाच वाट्या सुलट्या होतात, एक ताट अर्धं वळून थांबतं, ऐकू की नको अशा विचारात.

"मग?" वहिनी विचारतात. आता त्यांच्या आवाजात थट्टा जरा कमी आहे. "काय कळलं?"

"कळलं असं, की काही घरांत सगळ्यांची भांडी होती आणि काही घरांत कुणाचीच नव्हती."

"ते काय, कुणालाबी ठाऊक हाय. ज्याची नियत चांगली त्याच्या घरात दुसऱ्याचं भांडं ऱ्हात न्हाई. आणि ज्याची न्हाई, त्याच्या मांडणीत गावाची नावं." वहिनींचा आवाज चढतो. "आमची अक्काताई घ्या. भिंतीला भिंत लागून घर. माझ्या सहा वाट्या होत्या. ह्यांच्या पयल्या बोनसात घेतलेल्या, नाव घालून. शिमग्याला कटाची आमटी दिली तिला एका वाटीत. ती वाटी गेली ती गेलीच. पाच वाट्यांत संसार केला मी. पाव्हणे सहा आले की एकाला कप द्यायचा. मरताना पण हिशेबात पाचच होत्या. चोरलीच की तिनं!"

काचेपलीकडे तेजस्विनी डोळे मोठे करून बघतेय.

सरांना हे सगळं माहीत आहे. वहिनींनी अक्काताईचं नाव काढलं की घरात दुसरं कुणी बोलायचं नाही, हा त्या घराचा कायदाच होता. एरवी तेही गप्प बसले असते. पण तो लाल दिवा लागलेला आहे, आणि ते अर्धं वळलेलं ताट अजून तसंच थांबलंय. लायकर सर जन्मात पहिल्यांदा वहिनींना उलटा प्रश्न विचारतात.

"वहिनी, कुणी भरून दिलेली वाटी तुम्ही परत कशी करायच्या?"

"कशी म्हंजे? घासून."

"आणि?"

"आणि काय, साखर घालून. साखर नसली तर गूळ. गूळ नसला तर मूठभर शेंगदाणे."

"शेंगदाणे नसले तर?"

"तर तांदळाचे चार दाणे. रिकामी कशी देणार? रीत हाय ती."

"आणि तांदूळही नसले तर?"

"अहो, कायच न्हाई असं कसं हुईल घरात? आमच्या घरी कवा..."

वहिनी थांबतात.

सर वाट बघतात. त्यांना वाट बघता येते; आयुष्यभर तेवढंच केलंय. मागांचा दबका आवाज अचानक बंद पडतो. एक माग, मग दुसरा, मग सगळी गल्ली. असं झालं की इचलकरंजीत माणसं जेवताना हात थांबवतात.

"ते कुठलं वर्ष होतं, वहिनी? कटाच्या आमटीचं?"

वहिनींचा आवाज एकदम लहान होतो. "सूत महागलं होतं. माग बंद होते. आमच्याकडं बोनस शिलकीत होता म्हणून... तिच्या नवऱ्यानं माग विकला होता."

"मग अक्काताईनं त्या वाटीचं काय करायचं?"

काचेची भिंत आता काच नाही. पलीकडे अक्काताईचं स्वयंपाकघर आहे, भिंतीला भिंत लागून. अक्काताई पाठमोरी उभी आहे. मांडणीवरून एक वाटी काढते. साखरेचा डबा उघडते, तिरपा करते, ठोकते. गुळाचा उघडते. शेंगदाण्यांचा उघडते. मग पदरानं वाटी पुसते आणि परत मांडणीत ठेवते, नाव भिंतीकडे करून.

बोलतात ते लायकर सर. छताकडे बघत नाहीत. वहिनींकडे बघतात, आणि भिंतींवरच्या सगळ्या भांड्यांकडे.

"मी घरोघर डबेही बघितले होते, वहिनी. ज्या घरातले डबे रिकामे, त्या घरात दुसऱ्यांची भांडी जास्त. दर खेपेला. माग बंद पडले की वाट्या तिकडं अडकायच्या, माग सुरू झाले की दोन-चार महिन्यांत आपापल्या घरी परतायच्या. तुम्ही सगळ्या म्हणायच्या, गरिबाच्या घरात गेलेलं भांडं येत नाही. नियत वाईट. पण ती नियत नव्हती. ती तुमचीच रीत होती. रिकामी वाटी द्यायची नाही, ही रीत तिनं तुमच्याइतकीच पाळली. उलट तुमच्यापेक्षा जास्त, कारण तुम्हाला ती पाळायला काहीच खर्च पडत नव्हता. तिनं रीत मोडली असती, रिकामी वाटी आणून तुमच्या कट्ट्यावर आपटली असती, तर ती कुणाच्या लेखी चोर ठरली नसती. रीत पाळली म्हणून चोर ठरली."

खण्ण. ते अर्धं थांबलेलं ताट सुलटं होतं. मग परात. मग भिंतीमागून भिंत.

"पण," वहिनी म्हणतात, "पण माग सुरू झाले की! तवा का न्हाई आणली?"

"त्याच्या आधी तुम्ही कोंडाळ्यावर काय म्हणाला होता?"

वहिनी हेडफोन काढतात. मेथीचं एक पान त्यांच्या अंबाड्यात अडकलंय. "म्हणाले होते," त्या सावकाश म्हणतात, "काही काही घरांत भांडी घासताना दुसऱ्याचीच नावं वाचून दमायला हुतं. सगळ्या हसल्या होत्या. ती पण हुती तिथं. घागर भरायच्या आत गेली."

"मग त्यानंतर ती वाटी आणणार कशी? आणली तर चोरी कबूल केल्यासारखं."

लाल दिवा शांत जळतोय. हौसाबाई गणपती लायकर, जिच्यापुढे दूधवाला, वाणी, सासू आणि नगरपालिका यांपैकी कुणाचं काही चाललं नाही, ती गप्प बसलीय, आणि गप्प केलंय ते मागच्या दारानं पळणाऱ्या धाकट्या दिरानं. सरांना हे कळतं आणि त्यांना स्वतःची इतकी भीती वाटते, की ते टेबलाची कड धरतात.

शेवटी वहिनी म्हणतात, "भावजी, हे तुम्ही मला तवाच का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही बोलू दिलंत कुठं?"

आणि वहिनी हसतात. आधी नाकातून, मग घशातून, मग खुर्चीसकट. त्यांचं हसू माईकवर आपटतं, भिंतींवरची सगळी भांडी थरथरायला लागतात, वाजायला लागतात, ताटं, पराती, वाट्या, चमचे, छतावरचं ते पातेलंसुद्धा. लग्नघरात पंगत उठल्यावर मागच्या अंगणात होतो तसा दणदणाट. काचेपलीकडे तेजस्विनी दोन्ही हात वर करून उभी आहे. आणि त्या आवाजात सर बसलेत, बनियनवर, ताठ. हे आपल्यासाठी वाजतंय असं त्यांना वाटतं आणि या खेपेला मनातलं ते दुसरं कोणीतरी काही म्हणत नाही.

"द्या इकडं ती वाटी," वहिनी म्हणतात.

सरांच्या हातात वाटी आहे. कधी आली कोण जाणे. वहिनी नावावरून बोट फिरवतात.

"अक्काताईला नेऊन देता?" सर विचारतात. "भरून?"

"शिकला पण शाणे झाला न्हाई," वहिनी म्हणतात. "भरून दिली की तिच्या डोक्यावर आणि एक वाटी. न्हाई. मागायला चाललेय. एवढी वर्षं शेजार केला, एकदा पण तिच्या दारात वाटी घेऊन गेले न्हाई मी. कायम देतच हुते. देणाऱ्याला लई गोड वाटतं वो ते."

हे सरांच्या तक्त्यांत आहे. कोण देतं, कोण घेतं, आणि नुसतं देतच राहणाऱ्या घराची शेजारच्यांना कशी भीती वाटते. पूर्ण एक प्रकरण आहे. पण त्याचं एवढं छोटं वाक्य होऊ शकतं हे त्यांना माहीत नव्हतं.

वहिनी काचेतून, जिथं काच होती तिथून, पलीकडे जातात. अक्काताईच्या उंबऱ्यावर थांबतात. पदर सारखा करतात. लायकर सरांना ते घुटमळणं ओळखीचं वाटतं. वर्गाच्या दारात उभं राहिलं की त्यांचं व्हायचं, तेच.

"अक्काताई," वहिनी म्हणतात. "वाटीभर साखर असली तर दे की गं. पाव्हणे आल्यात."

अक्काताई वळते. तिचा चेहरा सरांना नीट दिसत नाही, त्यावर ऊन पडलंय. हात लांब करते, वाटी घेते, डबा उघडते. डबा या खेपेला वाजत नाही, वाहतो. साखर वाटीत पडल्याचा तो बारीक सर्र आवाज येतो, आणि थांबत नाही.

"अगं बास, बास! शीग लागली."

"असू दे," अक्काताई म्हणते. "बस. च्या घेऊन जा."

"बसते. पर हे आधी भावजींना देऊन येते, त्यांना गाडी गाठायचीय. आणि ती दुसरी माझी वाटी ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. तुझीच हाय ती आता."

कुठंतरी एक माग सुरू होतो. खटाक. मग दुसरा. वहिनी सरांसमोर उभ्या आहेत, वाटी दोन्ही हातांत. "धरा. सांडू नका. आणि भावजी, ही साखर माझी न्हाई, तुमच्या नावावर आणलीय. उसनी हाय."

"मी कशी परत करू? कुठं?"

"कोंडाळ्यावर. जिथं मी बोलले तिथं. सगळ्यांसमोर," वहिनी म्हणतात आणि जाता जाता वळतात. "आणि शर्ट घाला."

खटाक-खटक, खटाक-खटक. मग नुसती घरघर.

पंखा फिरतोय. पडद्याच्या फटीतून ऊन तिपाईवर आलंय. लायकर सर पडल्या पडल्या छताकडे बघतात आणि मग, उगाच, मान वळवतात.

वाटीत साखर आहे.

ते उठून बसतात. चष्मा लावतात. साखर आहे. शीग लावलेली. खाली तिपाईवर चार दाणे सांडलेत, आणि त्या दाण्यांकडे तिपाईच्या पायावरून मुंग्यांची एक ओळ निघालीय, अगदी गंभीरपणे. मुंग्यांना स्वप्न पडत नसावं. घर बंद आहे. मुलगा आणि सूनबाई कामावर. आणि या घरात साखर येत नाही. डॉक्टरांनी सांगितल्यापासून सूनबाईंनी डबाच काढून टाकलाय. घरात साखर आहे ती फक्त सरांच्या रक्तात.

ते एक दाणा बोटावर घेतात, जिभेवर ठेवतात. विरघळेपर्यंत बसून राहतात.

मोबाइल वाजतो. "सर, तेजस्विनी बोलतेय. गाडी तुमच्या घराखाली आलीय. तयार आहात ना? आवाज वगैरे ठीक?"

सर मोबाइलच्या पडद्यावरच्या त्या टाइप केलेल्या निरोपाकडे बघतात. "घसा," ते म्हणतात, आणि त्यांचा आवाज रिकाम्या घरात असा काही घुमतो की तेच मागे वळून बघतात, "घसा उत्तम आहे. येतो. आणि हे बघा, तुमचा पहिला प्रश्न राहू द्या. मी पहिल्यांदा श्रोत्यांनाच एक प्रश्न विचारणार आहे."

निरोप ते पुसून टाकतात. शर्ट घालतात, वरचं बटण लावतात. वाटीवर बशी पालथी घालून रुमालात बांधतात, गाठ दोनदा बघतात, आणि वाटी छातीशी धरून जिना उतरायला लागतात.

खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या आहेत. इतक्या वर्षांत सरांनी त्यांच्याशी 'पाणी आलं का'पलीकडे शब्द काढलेला नाही.

"सर, कुठं निघालात एवढं जपून? काय आहे?"

लायकर सर थांबतात. त्यांच्या डोळ्यांत बघतात.

"उसनी साखर," ते म्हणतात, वरचे दोन आणि खालचा एक मजला ऐकेल अशा आवाजात. "परत करायला निघालोय. पाचला रेडिओ लावा."